जमेची बाजू

मार्च २०१८. शाखेत संध्याकाळी कॅश बंद करताना दहा हजार रुपये कमी भरले. तीनदा मोजलं, व्हाउचरं उलटीपालटी केली, ड्रॉवरच्या फटीत बोटं घालून पाहिली. कॅश कमी भरली की ती कॅशिअरनं खिशातून भरायची, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. भरली. दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधीच एक निवृत्त गुरुजी पायरीवर उभे. कापडी पिशवीतून पाचशेच्या वीस नोटा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या.

"ताई, काल तुम्ही मला दोनदा दिलेत. मला वाटलं, मीच वीस हजारांची स्लिप भरली असणार. घरी पासबुक बघितलं तर दहाच निघालेत. आता वय झालं, आपलाच आपल्यावर भरवसा राहत नाही."

ते सत्तरी ओलांडलेले, मी अडतीस वर्षांची. मला गुरुजी आठवत होते, त्यांची पिशवी आठवत होती. पण त्यांना पहिल्यांदा पैसे दिल्याचं काहीच आठवत नव्हतं. पुसटसंसुद्धा नाही.

तोवर मला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, आहे हे कळून पाच वर्षं झाली होती. २०११ मध्ये डावा डोळा धूसर झाला आणि आपोआप निवळला. २०१३ मध्ये कमरेखाली बधिरपणा आला, एमआरआयमध्ये मेंदूवर आणि मज्जारज्जूवर डाग दिसले, सलाइनमधून स्टेरॉइड झाले. पुढे दर भेटीत डॉक्टर पाय तपासायचे, डोळे तपासायचे, लघवीचं विचारायचे. विसरण्याचं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कॅशिअर बाईनं 'मला आठवत नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

गुरुजींच्या त्या वीस नोटांनंतर म्हणावं लागलं. त्यानंतरच्या सात वर्षांत जे शिकले, ते खाली लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, हिशेब ठेवणारी बाई आहे. तेव्हा हाही हिशेबच समजा.

१. विसरणं मोजता येतं. आधी मोजून घ्या

घरात तोवर तीन निदानं झाली होती. नवरा म्हणाला, ताण आहे. सासूबाई म्हणाल्या, तुझं लक्षच नसतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, चाळिशी आली की होतंच असं. चौथं निदान करून घ्यायला मी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून पुण्याला एका न्यूरोसायकॉलॉजिस्ट बाईंकडे गेले.

पहिली चाचणी नव्वद सेकंदांची. कागदावर वर नऊ चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक अंक, खाली नुसत्या चिन्हांच्या रांगा. चिन्ह पाहून भराभर अंक म्हणत सुटायचं. नोटा मोजायचा माझा वेग शाखेत नावाजलेला, पण इथे माझी गाडी पहिल्या गिअरमधून पुढे सरकेना. दुसरी चाचणी पंधरा शब्दांची. बाई यादी वाचणार, मी आठवतील तेवढे शब्द सांगणार. अशा पाच फेऱ्या. पहिल्या फेरीत मला चार शब्द आठवले, पाचव्या फेरीत अकरा. मग तिनं वेगळीच यादी ऐकवली, आकृत्या काढायला लावल्या, आणि अर्ध्या तासानं पहिल्या यादीतलं काय आठवतंय ते विचारलं. दहा शब्द आले.

तिनं दहाच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. "अकरा आत गेले आणि त्यातले दहा टिकले. ताई, तुमची तिजोरी शाबूत आहे. गडबड काउंटरवर आहे."

इतक्या वर्षांत मला माझ्या भाषेत कोणी समजावलं असेल, तर ते तिनं.

दुसरं तिनं सांगितलं ते असं, की सगळं खापर एमएसवर फोडू नका. झोप नीट नसेल, मन उदास असेल, थायरॉइड किंवा बी-१२ मध्ये गडबड असेल, तरी माणूस विसरतो. लघवीवर ताबा राहावा म्हणून देतात त्यांपैकी काही गोळ्यांनीही स्मरणावर धुकं येतं. माझं बी-१२ खरंच कमी निघालं. गोळीचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती बदलून दिली. एवढ्यानं आजार गेला नाही, पण त्यावर चढलेलं व्याज तरी उतरलं.

आणि हे आपल्या एकट्याचं खूळ नाही. झां-मार्टिन शार्कोनं १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराचं नीट वर्णन केलं, तेव्हाच या रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते, विचार सावकाश चालतात, हे त्यानं टिपून ठेवलं होतं. पण पुढे शंभरेक वर्षं सगळ्यांचं लक्ष पायांवर आणि डोळ्यांवर. १९९१ साली अमेरिकेत स्टीफन राव यांनी शंभर रुग्णांच्या रीतसर चाचण्या घेतल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के लोकांमध्ये बौद्धिक क्षमतांवर परिणाम दिसला. म्हणजे न्यूरॉलॉजिस्टच्या दारात बसलेल्या आम्हा दहा जणांत चार जण हेच लपवत बसलेले असणार.

२. जमाच झालं नाही, तर काढणार काय?

हा या सगळ्यातला मुख्य धडा. बाकीचे त्याचे पोटधडे.

मला वाटायचं, आठवणी माझ्या डोक्यात आहेत, पण हाताशी लागत नाहीत. म्हणून मी आठवायचा जोर लावायचे. कपाळ चोळायचे, डोळे मिटायचे, 'आत्ता होतं जिभेवर' म्हणायचे. जोर लावून काय होणार? ज्या खात्यात पैसे भरलेच नाहीत, त्यावर चेक लिहिला तर तो परतच येणार.

मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ते कुरतडते. वेष्टण गेलं की संदेश अडखळतो, सावकाश जातो. बँकेत लिंक स्लो असते त्या दिवशी काय होतं ते आठवा. एकाची एंट्री पडायच्या आत दुसरा स्लिप पुढे करतो, तिसरा खिडकीतून हात घालतो, आणि मधल्या कोणाची तरी एंट्री राहून जाते. माझ्या डोक्यात रोज हेच चाललं होतं.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत केसलर फाउंडेशन नावाची पुनर्वसनावर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या जॉन डीलुका आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हेच दाखवलं. एमएसच्या रुग्णांना एखादी यादी पक्की होईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकवली, तर नंतर ती आठवण्यात ते इतरांच्या फारसे मागे नसतात. त्यांना फेऱ्या मात्र जास्त लागतात.

त्या दिवसापासून मी आठवायचा जोर सोडला आणि भरायचा धरला. माझं सगळ्यात उपयोगी वाक्य झालं, 'थांबा, परत एकदा सांगा.' आधी लाज वाटायची. आता समोरच्यानं परत सांगितलं की मी ते माझ्या तोंडानं त्याला ऐकवते. "म्हणजे गुरुवारी, अकरा वाजता, सोसायटीचे कागद घेऊन." काउंटरवर तर नोटा सरकवताना मोठ्यांदा म्हणायचे, "दहा हजार, पाचशेच्या वीस, दिले." रांगेतल्या लोकांना वाटायचं, बाई फार काटेकोर. वाटू द्या.

३. चित्र काढा आणि चित्रांची गोष्ट करा

केसलरच्याच नॅन्सी किआरावालोटी आणि डीलुका यांनी गोष्टीतून लक्षात ठेवायची एक पद्धत बसवली आहे. दहा सत्रं, पाच आठवडे. पहिल्या चार सत्रांत ऐकलेल्या गोष्टीचं डोळ्यांपुढे चित्र उभं करायला शिकायचं. पुढच्या चार सत्रांत सुट्या शब्दांची एका गोष्टीत गुंफण करायची. शेवटच्या दोनांत ते रोजच्या कामाला लावायचं. २०१३ साली त्यांनी ८६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. ही शिकवणी घेतलेल्यांचं नवं शिकणं सुधारलं होतं.

आठवड्यातून दोनदा पुण्याला जाणं मला झेपण्यातलं नव्हतं. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, म्हणून महिन्याला दोन सत्रं. पाच आठवड्यांचा अभ्यास मी पाच महिन्यांत पुरा केला. मधल्या दिवसांत घरी सराव.

कसा, ते एका यादीवरून सांगते. गॅस सिलिंडर, मुलीच्या क्लासची फी, सासूबाईंचा चष्मा, कढीपत्ता, रक्ताचा रिपोर्ट, इस्त्रीचे कपडे. आता माझी गोष्ट ऐका. अजिंक्यताऱ्यावरून लाल सिलिंडर गडगडत खाली येतो आहे. त्यावर माझी मुलगी घोड्यावर बसल्यासारखी बसली आहे आणि फीच्या नोटांनी वारा घेते आहे. सिलिंडर मोती चौकात चष्म्याच्या दुकानात घुसतो. आतून सासूबाई बाहेर येतात, चष्म्याला काचांच्या जागी कढीपत्त्याची पानं. त्यांच्या हातात माझ्या रक्ताचा रिपोर्ट, आणि त्या कागदाला कडक इस्त्री केलेली, घडी मोडली तर खबरदार.

ही यादी २०१८ च्या पावसाळ्यातली आहे. ती सगळी कामं कधीच झाली, पण सिलिंडर अजून गडगडतो आहे.

यात दोन बारकावे आहेत. चित्र जितकं वेडगळ, तितकं ते टिकतं. नुसता दारात उभा असलेला सिलिंडर डोक्यात राहत नाही, कारण तो रोजच दारात असतो. आणि चित्र आपलं आपणच काढायचं. सुरुवातीला बाईंनी मला एक तयार चित्र दिलं होतं; दुसऱ्या दिवशी ते डोक्यात नव्हतं. आपण निर्माण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, हे एमएसच्या रुग्णांमध्येही तपासून पाहिलेलं आहे. उसन्या चित्राला आपल्या खात्यात जागा नसते.

४. परवचा म्हणा

लहानपणी दिवेलागणीला आजोबा आम्हा भावंडांना ओळीनं बसवून परवचा म्हणून घ्यायचे. पाढे, पावकी, निमकी. एका बैठकीत सगळं नाही. रोज थोडं, आणि कालचं आज मध्येच विचारायचे. "तेरा सक?" उत्तर चुकलं तर ओरडायचे नाहीत, बरोबर उत्तर सांगून पाच मिनिटांनी तेच परत विचारायचे.

चाळिशीजवळ येऊन बाईंनी मला तेच शिकवलं, फक्त त्याला इंग्रजी नावं होती. एकदम घोकण्यापेक्षा अंतरा-अंतरानं घोकावं. आणि वाचत राहण्यापेक्षा कागद झाकून स्वतःला विचारावं. जेम्स सुमोव्हस्की यांनी २०१० साली एमएसच्या रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्यानं जास्त लक्षात राहिलं. पासबुकात शिल्लक पाहणं वेगळं आणि एटीएममधून प्रत्यक्ष नोट बाहेर येणं वेगळं.

शाखेत नवे मॅनेजर आले तेव्हा त्यांचं नाव मी असं पक्कं केलं. ऐकल्यावर एका मिनिटानं मनात विचारलं, पाच मिनिटांनी विचारलं, जेवणाच्या सुट्टीत, घरी निघताना, रात्री दिवा मालवताना. पाचव्या वेळेला उत्तर चटकन आलं. पूर्वीच्या मॅनेजरांना मी आठ महिने नुसतंच 'सर' म्हणून काढले होते.

५. वही एकच असू द्या

आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या. संध्याकाळी पदर हातात आला की गाठ सापडायची आणि मग आठवायचं, अरे, गोठ्यात पेंड सांगायची होती. त्यांच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. डोक्यावरचं ओझं त्यांनी पदरावर टाकलं होतं, एवढंच.

मी पदर घेत नाही, म्हणून वही. सुरुवातीला मी पाच ठिकाणी लिहायचे. फ्रिजवर चिठ्ठी, मोबाइलमध्ये नोंद, कॅलेंडरवर गोल, तळहातावर पेन, ऑफिसची डायरी. मग नोंद कुठे केली हेच विसरायचे. आता एकच वही. लांबट, हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची, पर्समध्ये नेहमी त्याच कप्प्यात. पानाला तीन रकाने: काय, कधी, झालं का. तिसरा रकाना महत्त्वाचा. गोळी घ्यायची आठवण राहते, पण घेतली की नाही ते आठवत नाही, आणि त्यात दोनदा घेतली जाण्याचा धोका असतो. गुरुजींच्या नोटांसारखीच. म्हणून आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबीही ठेवली. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात.

गजराचं म्हणाल तर नुसत्या घंटेचा उपयोग नाही. गजर वाजायचा, मी तो बंद करायचे आणि मग विचार करायचे, हा कशासाठी होता? आता गजराला नाव असतं: 'गॅस बंद कर', 'मुलीला फोन'. आणि काम होईपर्यंत गजर बंद करायचा नाही. गजर बंद करून 'आता उठतेच' म्हणाले की काम गेलंच म्हणून समजा. एकदा दोन लिटर दूध जळलं आहे.

कोणी म्हणेल, वहीवर विसंबलं की डोकं गंजतं. मीही आधी तसंच म्हणायचे. पण लेजर ठेवणाऱ्या बँकेला कोणी विसरभोळी म्हणत नाही.

६. एका वेळी एकच खिडकी

फोडणीत मोहरी तडतडत असताना फोन घ्यायचा नाही. मुलगी बोलत असेल तर टीव्ही बंद. महत्त्वाचं बोलणं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नाही, खुर्चीवर बसून.

यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही, पण सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच.

७. ऊन आणि थकवा यांचाही हिशेब धरा

विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० साली लिहून ठेवलं आहे, की या रुग्णांची नजर श्रमानंतर मंदावते आणि विश्रांतीनंतर परत येते. पुढे कळलं, की खरं कारण अंगातली उष्णता. वेष्टण गेलेल्या तंतूंतून संदेश कसाबसा जात असतो. शरीर जरासं तापलं तरी तो अडतो. नजरेचं जे होतं तेच पायांचं, आणि माझ्या अनुभवात डोक्याचंही.

साताऱ्याचा उन्हाळा विदर्भासारखा नाही, तरी एप्रिलमधल्या दुपारी जाळीच्या केबिनमध्ये, डोक्यावर संथ पंखा फिरत असताना, तीन वाजल्यानंतरची मी ही सकाळी दहाची मी नसायचे. गुरुजींचं प्रकरणही मार्चमधलं, दुपारी तीननंतरचंच. म्हणून आता डोक्याचं काम सकाळी. दुपारी शिक्के, फायली, पंचिंग. मानेवर ओला रुमाल, जवळ माठातल्या पाण्याची बाटली. पाऊण तास काम झालं की पाच मिनिटं खिडकीबाहेर नुसतं बघायचं. सहकाऱ्यांना वाटतं, बाई तंद्रीत आहेत.

एक सावधगिरी. गारव्यात बसल्यावर डोकं निवळलं तर ते उन्हाचं. पण विसरणं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं आणि ओसरेना, तर डॉक्टरांना फोन करायचा. नवा झटका असू शकतो, लघवीचा किंवा दुसरा जंतुसंसर्ग असू शकतो. मी एकदा आठवडाभर 'ऊन फार आहे' म्हणत बसले आणि निघाला लघवीचा संसर्ग.

८. घरच्यांनाही शिकवणी लागते

'सांगितलं होतं ना!' या वाक्यानं आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी पैशावरून झाली नाहीत. त्यानं सांगितलेलं असायचं, मी 'हो' म्हटलेलं असायचं, आणि दोघंही खरं बोलत असायचो. त्याला वाटायचं, ही लक्ष देत नाही, म्हणजे हिला आपली किंमत नाही. विसरणं हे बायकोच्या प्रेमाच्या खात्यातून वजा होत होतं.

बाईंनी एका शनिवारी नवऱ्यालाही बोलावलं आणि त्याच्यापुढे शब्दांची यादी परत घेतली. पहिल्या फेरीत मी चारवर अडकले, तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला, जणू मला उत्तर पुरवणार. पाचव्या फेरीनंतर तो गप्प झाला. परतीच्या एसटीत खंबाटकी घाट उतरेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तुला चार वेळा जास्त सांगायचं, एवढंच ना?"

एवढंच. आता आमचे नियम असे. मला दुसऱ्या खोलीतून ओरडून काही सांगायचं नाही. सांगितलं की मी म्हणून दाखवणार. आठवायला दहा सेकंद द्यायची, लगेच उत्तर पुरवायचं नाही. सगळ्यांत अवघड हे शेवटचं; माझ्या मुलीला दहा सेकंद म्हणजे युग वाटतं.

९. दिसत नाही म्हणून नाही असं नाही

ऑफिसात सांगावं की नाही, यावर मी वर्षभर झोप घालवली. शेवटी सांगितलं. एक वरिष्ठ म्हणाले, "दिसता तर ठणठणीत." हे कौतुक नव्हतं. काठी घेऊन आले असते तर खुर्ची मिळाली असती; विसरण्याला काठी नसते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात वाजवी सोयीची कल्पना आहे, म्हणजे माणसाला त्याचं काम करता यावं म्हणून केलेले योग्य ते बदल. ही दोन वाक्यं मी अर्जात लिहिली, सोबत चाचण्यांचा अहवाल जोडला. 'मला जमत नाही' असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: रोख काउंटर झेपत नाही, कर्जाच्या कागदपत्रांची छाननी झेपेल, कारण कागद पळून जात नाही, तो परत वाचता येतो. चार महिन्यांनी बदली झाली, त्याच शाखेत, मागच्या टेबलावर. छाननीत माझ्या चुका कमी असतात. माझा माझ्यावर विश्वास नसल्यामुळे मी प्रत्येक कागद दोनदा बघते, हे त्याचं गुपित.

सोबतीचं म्हणाल तर मुंबईत १९८५ साली सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे. निदान झालं तेव्हा मला वाटलं होतं, सातारा जिल्ह्यात हा आजार असलेली मी एकटीच. तसं नसतं.

१०. व्याजदर फार सांगणाऱ्यापासून सावध राहा

'महिन्यात स्मरणशक्ती दुप्पट' हे ऐकलं की मला पतपेढ्यांच्या जाहिराती आठवतात. मी मोबाइलवरचे मेंदूचे खेळ वर्षभर खेळले. त्या खेळांत पटाईत झाले. छत्री मात्र एसटीतच राहत गेली.

शिकवणीचाही नफा बेताचा असतो, हे मान्य करून चालावं. इंग्लंडमध्ये ४४९ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० साली तिचे निष्कर्ष आले. गटात बसवून दहा सत्रांत लक्ष आणि स्मरण यांच्या युक्त्या शिकवल्या. वर्षभरानं, मुख्य फूटपट्टी लावली तेव्हा, जगण्याच्या गुणवत्तेत फरक पडलेला दिसला नाही. रोजच्या विसरण्यात आणि मनःस्थितीत थोडासा फरक दिसला. वाचून मी आधी खट्टू झाले. मग विचार केला, 'थोडासा' म्हणजे किती? महिन्यातून एकदा दूध जळणं थांबलं, नवरा-बायकोतला एक वाद टळला, मॅनेजरचं नाव आलं. कागदावर हे थोडंसंच दिसणार.

पहिल्या चाचणीनंतर वर्षभरानं माझी पंधरा शब्दांची चाचणी परत झाली, यादी नवी. पहिल्या फेरीत शब्द आले चार. पूर्वीइतकेच, एकही जास्त नाही. पाचव्या फेरीत तेरा. बाईंनी काही म्हणायच्या आत मीच म्हणाले, "काउंटर तेवढाच स्लो आहे. मी जमा करायला शिकले."

११. दिवसाची बाकी काढा

हा धडा बाईंनी दिलेला नाही. सासूबाईंनी दिला.

त्या आता ऐंशीच्या आहेत. 'तुझं लक्षच नसतं' म्हणणाऱ्या त्याच. एका रात्री मी पलंगावर बसून दिवसाच्या गोष्टी वही झाकून आठवत होते. त्या दारातून म्हणाल्या, "अगं, मनातल्या मनात काय पुटपुटतेस? मोठ्यांदा म्हण, मलाही ऐकू दे." तेव्हापासून रोज रात्री आम्ही दोघी दिवसाची बाकी काढतो. तीन गोष्टी मी सांगायच्या, तीन त्यांनी. वही उशीखाली. अडलं तर दहा सेकंद, मग वही.

काल मला दोन आल्या. छाननीत एका सातबाऱ्यावर चुकीचा गट नंबर सापडला, ती एक. गुरुजी बँकेत आले होते, काठी टेकत मागच्या टेबलापर्यंत आले आणि म्हणाले, "ताई, आज मी स्लिप तीनदा वाचली," ती दुसरी. तिसरी काही केल्या येईना. सासूबाईंनी बोटं मोजत दहा सेकंद दिली, वरती दोन जास्त दिली. मग मी वही काढली. संध्याकाळच्या ओळीत माझ्याच अक्षरात होतं: 'आईंनी कढीपत्ता मागितला.' तिसरा रकाना कोरा.

"मीसुद्धा विसरले होते," त्या म्हणाल्या, आणि दिवा मालवला.